चांगला कोळसा कुटणारी सून

नातवाने गच्चीवर एक यंत्र आणून ठेवलंय. उभ्या पिंपासारखं, काळं, वर झाकण, झाकणाला घड्याळासारखी तबकडी, पोटात जाळ्या. त्याला स्मोकर म्हणतात म्हणे. त्यात पनीर, मक्याची कणसं, आणि आणखी जे काय असेल ते (मला सगळं सांगत नाहीत) तासन्‌तास धुरावर ठेवायचं. मी जन्मभर धूर बाहेर जावा म्हणून खिडक्या उघडल्या, फुंकणी फुंकफुंकून डोळे लाल केले, आणि हा पोरगा धूर कोंडून ठेवायचं यंत्र घेऊन आला.

त्याच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत लाकडी कोळशाचे वेडेवाकडे तुकडे, कुठला मुठीएवढा तर कुठला बोटाएवढा. दुसरीत एका साच्यातून काढलेले, सगळे एका मापाचे, छोट्या उशांसारखे गोळे.

"दादी, कौन सा डालूँ? लंप या ब्रिकेट? सब अलग-अलग बोल रहे हैं." आमच्या नातवाला मराठी सगळी कळते, तोंडातून मात्र हिंदीच निघते.

मी म्हटलं, "बाळा, याच प्रश्नापायी तुझी आजी एकदा अख्ख्या गल्लीत गाजली होती."

"तब तो आपको पता ही होगा!"

हीच तर गोम आहे. मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आजही कळलेलं नाही.

माझं माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत. सासर झाशीचं, बड्या बाजाराच्या मागच्या गल्लीतलं, पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेलं मराठी घर. इथे सासऱ्यांना मामंजी आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणायचं. हे शब्द मी माझ्या आजीनंतर कोणाच्या तोंडी ऐकले नव्हते. आणि त्याच वाक्याच्या शेवटी "दरवाजा बंद कर दो" यायचं. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, गृहशास्त्रात शाळेत पहिली. हे शेवटचं मी कोणी विचारलं नाही तरी सांगत असे. आता आठवलं की त्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्याच्या अखेरीस मामंजींना मुदतीचा ताप आला. ते कोर्टकचेरीत पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद मांडणारे कारकून होते, निवृत्त झालेले, चांगले उंचेपुरे गृहस्थ. ताप उतरला, पण अन्नावरची वासना काही परत येईना. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचं. काय करून घातलं तरी, "माती लागते." अंगरखा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टर येऊन म्हणाले, "अब दवा से कुछ नहीं होगा. अब इनको खाना है." आणि निघून गेले. खायचं कसं, ते त्यांनी लिहून दिलं नाही.

त्या दुपारी सगळे मामंजींच्या खाटेभोवती हताश उभे होते. आणि गृहशास्त्रात पहिली आलेली सून बोलली, "मामंजी, आमच्या खानदेशातलं भरीत तुम्ही खाल्लं नाहीत अजून. मी करते. बोटं चाटत राहाल."

मामंजींनी डोळे उघडले. "भरीत?"

"हो."

"चंपाषष्ठी कितीवर आली?"

हे विचारायला कारण होतं. आमच्याकडे आषाढी एकादशीपासून वांगं वर्ज्य. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग घरात वांगं शिरायचं. रोडगा म्हणजे बाजरीची जाड, लहान भाकरी. चार-पाच महिन्यांचा उपास सोडावा तसं त्या भरतावर सगळं घर तुटून पडत असे.

आत्याबाई म्हणाल्या, "बारा दिवस आहेत."

"मग बारा दिवसांनी जेवतो," असं म्हणून मामंजींनी पुन्हा डोळे मिटले.

"आणि तोवर?"

"तोवर मुगाचं पाणी."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ कळायला गृहशास्त्र लागत नव्हतं. "ऐकलंस ना?" स्वयंपाकघरात आल्यावर त्या म्हणाल्या. "त्यांनी आता तुझ्या भरतावर जीव टांगलाय. तूच करायचं. मी मधे पडायची नाही."

आता खरं सांगते. भरीत मी जन्मात केलेलं नव्हतं. माहेरी आई आणि काकू परसात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करून त्यावर वांगी भाजत. माझं काम कोथिंबीर निवडायची आणि मीठ बरोबर झालंय का ते चार-पाच वेळा चाखून बघायचं. त्या चाखण्याच्या जोरावर मी बढाई मारली होती.

झाशीत कपाशीच्या काड्या कुठून आणायच्या? आमच्या ह्यांना हळूच म्हटलं, "भुसावळहून मागवता येतील का?" हे मालगाड्यांच्या कचेरीत कारकून होते.

"काय मागवू?"

"काड्या."

"मालगाडीनं?"

"भारा एकच लागेल."

ह्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "अगं, लोक माझ्याकडे बघून हसतील. घरात दोन-दोन जातीचा कोळसा पडलाय, त्यातला एक घे."

दोन-दोन जातीचा! तिथेच तर घोडं अडलं. गॅस अजून आमच्या गल्लीत यायचा होता. अंगणात बादलीची शेगडी असायची. जुन्या बादलीला खाली भोक पाडून, आत माती लिंपून, मधे लोखंडी सळ्या. तिच्याशेजारी दोन डबे. एकात लाकडी कोळसा. तो पेटायला सोपा, आच कडक, पण भडकतो आणि लवकर राख होतो, फुलके-पापडाला तोच. दुसऱ्यात घरी केलेले गोळे. दगडी कोळशाचा चुरा, शेण आणि माती कालवून लाडवासारखे वळायचे, गच्चीवर खडखडीत वाळवायचे. पेटायला अर्धा तास घेतील, पण एकदा पेटले की तास-दोन तास आच जागची हलायची नाही. डाळ, अंघोळीचं पाणी, सगळं त्यावर.

मग वांग्याला कोणता?

ह्यांना विचारलं. "गोळे. शंकाच नाही. आच एकसारखी मिळते. वांगं आतपर्यंत शिजलं पाहिजे ना? लाकडी कोळशानं वरून जळेल, आत कच्चं राहील." रेल्वेत असल्यामुळे आपल्याला कोळशातलं सगळं कळतं असा ह्यांचा समज होता. खरं तर हे इंजिनाच्या जवळसुद्धा जात नसत, सदऱ्यावर ठिणगी उडेल म्हणून.

आत्याबाई मधे पडणार नव्हत्या, पण कडेला उभं राहून बोलायला त्यांची हरकत नव्हती. "गोळ्यावर वांगं? दगडी कोळशाचा वास लागेल त्याला. देवाचा नैवेद्य आहे तो. लाकडी कोळसा घे."

"बरं."

"पण लाकडी कोळसा टालवरचा. कोणाकोणाचे हात लागलेले असतात. गोळे घरचे, त्यात शेण आहे, ते शुद्ध."

"मग गोळे?"

"अगं, वास लागेल म्हणाले ना!"

"मग लाकडी?"

"तू खानदेशातली. मला काय विचारतेस?"

समोरच्या घरातल्या चाची आमच्या अंगणात रोज दोनदा तरी डोकावायच्या. पक्क्या बुंदेलखंडी. त्यांच्याकडे वांगी गोवऱ्यांत भाजून त्याच निखाऱ्यांत कणकेचे गोळे शेकायची रीत. त्यांनी माझा प्रश्न ऐकला आणि कपाळाला हात लावला. "काए दुलइया! भंटा कंडा में भूंजे जात. कोयला में को भूंजत?" म्हणजे वांगं गोवरीतच भाजायचं, कोळशात कोण भाजतं? झालं, दोनाचे तीन झाले.

शेवटी मी स्वतः टालवर गेले. लाकूड-कोळशाच्या वखारीला इकडे टाल म्हणतात. टालवाल्या भैयाने बाभळीच्या कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून दाखवले. खण्ण असा काचेसारखा आवाज आला. "सुना बहूजी? ऐसा माल पूरे शहर में नहीं."

"और गोले?"

"गोले भी बढ़िया."

"दोनों में अच्छा कौन सा है, भैया?"

"दोनों अच्छे हैं, बहूजी. दोनों मैं ही बेचता हूँ."

मी खण्ण वाजणारा लाकडी कोळसा घेऊन आले. आणि मग त्या रात्री, म्हणजे झोप येईना म्हणून नुसती पडले असताना, मला असा काही साक्षात्कार झाला की मी उठूनच बसले. आत्याबाईंना लाकडी कोळसा हवा. ह्यांना गोळे हवेत, कारण आच एकसारखी. चाचींना शेण हवं. मग लाकडी कोळसाच कुटून, शेणात कालवून, त्याचे गोळे वळले तर? तिघांचंही म्हणणं राहील! दगडी कोळसा नाही, म्हणजे वास नाही. गोळा आहे, म्हणजे आच एकसारखी. शेण आहे, म्हणजे शुद्धही झालं. एवढं साधं आजवर कोणालाच कसं सुचलं नाही?

का सुचलं नाही, ते पुढे येतंच आहे.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या दर्शनाला गेल्या. तोवर मी अंगणात खलबत्ता मांडून बसले आणि तो काचेसारखा वाजणारा, शहरात दुसरीकडे न मिळणारा कोळसा कुटकुटून त्याचं पीठ केलं. आत्याबाई परतल्या तेव्हा मी कोपरापर्यंत काळी, कपाळ काळं, आणि ताटात लाडू वळून ठेवलेले.

त्या दारातच थांबल्या. "हे काय?"

"गोळे."

"कशाचे?"

"लाकडी कोळशाचे."

त्यांना बसायला लागलं. "अगं, चुरा उरतो म्हणून आपण त्याचे गोळे करतो. तू गोळे करायला चुरा केलास?"

कोंडीत सापडले की माझ्या तोंडून एक ठरावीक वाक्य बाहेर पडायचं, तेच पडलं, "आमच्या खानदेशात अशीच रीत आहे."

त्यांना ते मानावं लागलं. खानदेश त्यांनी पाहिला नव्हता.

चंपाषष्ठीला तेव्हा तीनच दिवस उरले होते. गोळे वाळायला चांगलं कडक ऊन हवं, आणि नेमकं आभाळ भरून आलं. तीन दिवस सूर्याने तोंड दाखवलं नाही. मी गोळे चुलीशेजारी ठेवले, उलटेपालटे केले, पदराने वारा घातला. आत मामंजी रोज विचारायचे, "किती राहिले?" आधी तीन, मग दोन. त्यांचा आवाज रोज थोडा बारीक होत होता, आणि तरीही त्यात एक उत्सुकता होती. ती ऐकली की माझ्या पोटात गोळा यायचा. तोही ओलाच.

चंपाषष्ठीच्या सकाळी गोळे वरून टणक लागले. मी समाधान मानलं. चिरगावकडून बसने आलेली, काळीभोर, तुकतुकीत चार वांगी तेल लावून तयार ठेवली. आमच्या भुसावळची हिरवी लांबट वांगी कुठे आणि ही कुठे, पण असो. शेगडीत गोळे रचले, खाली चिपाडं पेटवली, वर वांगी मांडली.

आधी काहीच झालं नाही. मग शेगडी फुसफुसली. मग तिच्यातून धूर निघाला. साधा नव्हे, पिवळट, जाड, कांबळ्यासारखा धूर. तो वर जाईना. अंगणात पसरला, माजघरात शिरला, देवघरात गेला, खंडोबाच्या टाकासमोरचा दिवा दिसेनासा झाला. जाळ म्हणून नाही. वांगी तिथे जाळीवर नुसती बसलेली, कोणी धुरी घ्यायला बसावं तशी.

समोरून चाची ओरडल्या, "आग लगी का?" आणि पाण्याची कळशी घेऊन धावतच आत आल्या. त्या पाणी ओतणार तेवढ्यात मी शेगडीपुढे आडवी झाले. "चाची, नहीं! नैवेद्य है!"

"जो नैवेद्य है?" चाचींनी खोकत, शेगडीकडे बोट दाखवून विचारलं, म्हणजे हा नैवेद्य? त्यांच्या देवांना असला नैवेद्य कोणी दाखवला नव्हता.

आमचे हे डोळे चोळत आले. "गोळे ओले आहेत," म्हणाले, जणू ते मला ठाऊकच नव्हतं. आत्याबाई देवघराच्या उंबऱ्यात उभ्या. त्यांनी एकच विचारलं, "हीही खानदेशी रीत का?"

आता माघार कशी घेणार? म्हटलं, "हो. आधी धूर द्यायचा असतो."

"किती वेळ?"

"होईपर्यंत."

दुपार टळली. साध्या कोळशावर पाव तासात होणारी वांगी तीन तास त्या धुरात बसली होती. कधीतरी गोळ्यांना लाज वाटली असावी. ते आतून लाल झाले आणि वांगी सुरकुतून मऊ पडली. सोलली तर आतला गर पांढरा असायचा तो तपकिरी. कांद्याची पात, मिरची, दाणे, तेल, सगळं घातलं. चाखून बघितलं. आजपर्यंत माझं पक्कं काम तेवढंच होतं, आणि त्याही कामात माझी मती गुंग झाली. हे चांगलं लागतंय की वाईट, ते मला कळेचना! एक बोट चाखलं, वाटलं की कोणीतरी विझलेली चूल जिभेवर ठेवली. दुसरं चाखलं, तर वाटलं आणखी एक बघावं. तिसऱ्यानंतर आत्याबाईंनी वाटी काढून घेतली.

तळी भरली, नैवेद्य झाला. मामंजींना खाटेवरच उशांना टेकवून बसवलं. मांडीवर ताट, ताटात एक रोडगा आणि भरताचा लहानसा गोळा. मोठा वाढायचं कोणाचंच धाडस झालं नाही. मी दाराच्या आड उभी. मनात नुसतं एकच चाललं होतं, मामंजी जर आता ताट सरकवून "माती लागते" म्हणाले तर यापुढे या घरात त्यांच्यासमोर कोण काय घेऊन जाणार? बारा दिवस त्यांना मीच थांबवलं होतं.

मामंजींनी घास घेतला. चघळला. थांबले. भुवया वर गेल्या.

"हा कसला धूर आहे?"

सगळे दाराकडे वळले. मीच आडून म्हटलं, "कोळशाचा, मामंजी."

"कुठल्या कोळशाचा? लकडी का, पत्थर का?"

"लाकडी. कुटून. शेणात कालवून गोळे केले. पण ते वाळले नाहीत."

"चांगला कोळसा कुटलास?"

"हो."

"का?"

"सगळ्यांचं ऐकलं," मी म्हटलं, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू तिथे फुटलं.

मामंजींच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आत्याबाई घाबरून पुढे धावल्या. त्यांना वाटलं घास अडकला. पण ते हसत होते. आवाज फुटत नव्हता इतके अशक्त, तरी हसत होते. डोळ्यांतून पाणी. "चांगला कोळसा कुटला," ते आत्याबाईंना सांगायचे आणि पुन्हा हसायचे. हसता हसता दुसरा घास गेला. मग तिसरा. रोडगा संपला. मग आमच्या घरात दोन महिन्यांत कोणी न ऐकलेला शब्द त्यांनी काढला.

"वाढ."

त्या दिवशी मामंजींनी अडीच रोडगे खाल्ले. संध्याकाळी वरण-भात मागितला. पंधरा दिवसांत काठी घेऊन बाजारापर्यंत जायला लागले.

आता यातलं काय कामी आलं, ते कोणी मला सांगावं. आमच्या ह्यांचं म्हणणं, तापाने वडिलांचं नाक बंद झालं होतं, तो जहाल धूरच काय तो आतपर्यंत पोचला. आत्याबाई म्हणायच्या, "त्यांनी भरीत नाही गं खाल्लं, तुझी फजिती खाल्ली." चाचींचं मत असं की शेणाचा गुण, आणखी काय! मी मामंजींना पुढे कधीतरी धीर करून विचारलं, "खरं सांगा, चांगलं झालं होतं का?" ते म्हणाले, "झालं होतं तेव्हा झालं होतं." कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाकडून सरळ जबाब मिळेल ही आशाच चुकीची.

आणि खानदेशची गोष्ट वेगळीच. पुढच्या हळदीकुंकवाला झाशीतल्या साऱ्या मराठी बायका मला गराडा घालून, "ती तुमच्याकडची धुराची रीत सांग गं." खोटं एकदा बोललं की ते शिकवावं लागतं. मी शिकवलं. दोन-तीन घरांत चांगला कोळसा कुटला गेला, तिथल्या भिंतींचं पाप माझ्या माथी आहे. भुसावळला आईला हे कळलं तेव्हा तिने पत्रात एकच ओळ लिहिली होती, "काड्या पाठवते, पुन्हा माहेरचं नाव काढू नकोस."

इथवर ऐकून नातू म्हणाला, "दादी, कहानी अच्छी है, लेकिन डालना कौन सा है?" मी म्हटलं, "थांब, अजून एक वर्ष राहिलंय."

पुढच्या चंपाषष्ठीला मी शहाणी झाले होते. बाभळीचा कोळसा आणला, कुटला नाही. आत्याबाईंनी शेजारी बसून शिकवलं. वांगी पाव तासात भाजली, साल कागदासारखी सुटली, गर लोण्यासारखा. चाखलं तर कोणीही नावाजावं असं भरीत. मामंजी आता खणखणीत बरे, पाटावर येऊन बसले. घास घेतला. "छान झालंय," म्हणाले. दुसरा घास घेतला. रोडग्याचा तुकडा मोडून ताटात इकडून तिकडे सरकवला.

आत्याबाई बघत होत्या. "काय झालं?"

"काही नाही. उत्तम आहे."

"मग जेवत का नाही?"

"जेवतोय की." आणि माझ्याकडे न बघता हळूच, "यात ते हे नाही."

"काय नाही?"

मामंजींनी हवेत हात फिरवला. धूर दाखवला, की माझी फजिती दाखवली, की ते दोन महिने, मला आजही ठरवता येत नाही. आत्याबाईंनी ताटं उचलली, चूल सारवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर त्या माझी वाट बघत बसल्या होत्या. पुढे खलबत्ता. शेजारी टोपलीत बाभळीचा अख्खा कोळसा, खण्ण वाजणारा. आणि पानावर शेण.

"कूट," त्या म्हणाल्या. "आणि फार वाळवू नकोस."